उलटतपासणीच्या वळणाची मुलाखत: प्रश्नातील न्याय आणि सचोटी
(पालघर जिल्ह्यातील काही प्रसंगांच्या संदर्भात)

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात मुलाखतीचा विचार आजवर बहुधा साधन म्हणूनच झालेला आहे. लेखकाची जडणघडण, लेखनामागील प्रेरणा, समकालीनांविषयीची मते यांची माहिती पुरविणारा पूरक पुरावा, एवढेच तिचे स्थान. मुलाखत हा स्वतःच एक संवादप्रकार आहे, त्यात एकाच्या हाती प्रश्नाचा व दुसऱ्याच्या हाती उत्तराचा अधिकार असतो आणि ही वाटणी कधीच समसमान नसते, याकडे मात्र क्वचितच लक्ष गेले. अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या ‘मुलाखत’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘भेट’ असा आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यानंतर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांतून मराठी प्रेक्षकाने जे पाहिले ते या मूळ अर्थाला धरूनच होते. प्रश्न विचारणारा तेथे यजमान असे आणि पाहुण्याला अवघड वाटेल असे काही विचारणे हा यजमानधर्माचा भंग मानला जाई.

२००७-०८ च्या सुमारास मराठीत स्वतंत्र वृत्तवाहिन्या उभ्या राहिल्या आणि यजमानाची जागा उलटतपासणी करणाऱ्या वकिलाने घेतली. ‘आयबीएन लोकमत’वरील निखिल वागळे यांच्या कार्यक्रमांनी हे वळण मराठी घरांच्या परिचयाचे केले. सत्ताधाऱ्याला अडवून धरणारा, त्याचे वाक्य मध्येच तोडून ‘माझ्या प्रश्नाचे उत्तर द्या’ असे बजावणारा मुलाखतकार अनेकांना उद्धट वाटला, अनेकांना तो हवासाही वाटला. २० नोव्हेंबर २००९ रोजी शिवसैनिकांनी याच वाहिनीच्या मुंबई व पुणे येथील कार्यालयांवर हल्ला केला, तेव्हा प्रश्न विचारण्याचे मोल काय असते हेही दिसले. मात्र या सर्व काळात चर्चा झाली ती प्रश्नाच्या सुराची. मुलाखतकाराचा आवाज चढलेला होता की नाही, त्याने पाहुण्याला बोलू दिले की नाही, एवढ्यावरच न्याय-अन्यायाचा निवाडा होत राहिला. वस्तुतः सूर हा या प्रकरणातील सर्वांत गौण भाग आहे. अत्यंत तिखट प्रश्न पूर्णतः न्याय्य असू शकतो आणि अत्यंत मृदू स्वरातला प्रश्न पूर्णतः अन्याय्य. निवाडा करावयाचा तो प्रश्नाच्या रचनेवरून, प्रश्न कोणाला विचारला त्यावरून आणि विचारणाऱ्याच्या हाती त्याला काही आधार होता की नाही यावरून.

या निवाड्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या परंपरेत फार पूर्वीपासून सिद्ध आहे. न्यायसूत्रांनी कथेचे, म्हणजे दोन पक्षांतील विचारविनिमयाचे, तीन प्रकार केले: वाद, जल्प आणि वितंडा. वाद तत्त्वनिर्णयासाठी, जल्प विजयासाठी. वितंडेत बोलणारा स्वतःचा कोणताही पक्ष मांडत नाही, केवळ समोरच्याचा पक्ष खोडून काढतो. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द निव्वळ हेटाळणीचा झाला असला तरी सूत्रकारांची भूमिका इतकी सरळ नाही. रुजलेल्या अंकुराचे रक्षण करण्यासाठी भोवती काटेरी फांद्या लावाव्या, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा यांचा उपयोग त्यांनी मान्य केला आहे. वृत्तमुलाखतकाराची नेमणूकच मुळी वितंडेच्या आसनावर झालेली असते. त्याने स्वतःचा पक्ष मांडावयाचा नसतो, समोरच्याचा पक्ष काट्यावर घासून पाहावयाचा असतो. त्याला वितंडा केल्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. पाहावयाचे ते एवढेच, की काट्यांच्या आत अंकुर आहे की नाही.

सूत्रकारांनी खरा दोष दाखविला आहे तो ‘छल’ या सदरात. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या अभिप्रायाहून निराळा अर्थ चिकटवून त्याचे खंडन करणे, हा छल. एखादा ‘नव’ कांबळे पांघरून आला असे म्हणावे आणि ऐकणाऱ्याने ‘नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारावे, हे त्याचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उदाहरण. संस्कृतातील हा ‘छल’ मराठीत येताना ‘छळ’ झाला आणि शब्दाच्या कपटाऐवजी माणसाच्या यातनेचा वाचक बनला. भाषेच्या इतिहासातील हा अर्थबदल प्रस्तुत विषयाला विलक्षण लागू पडतो, कारण दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर व्हायला काही मिनिटे पुरतात.

न्यायालयीन उलटतपासणीशी या मुलाखतीची तुलना नेहमी केली जाते. पण ती करणारे एक गोष्ट विसरतात. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारण्यास मुभा असली तरी हवे ते विचारण्याची मुभा नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या १४९ व्या कलमानुसार साक्षीदाराच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणारा प्रश्न, त्यातील आरोपाला वाजवी आधार असल्याशिवाय विचारता येत नसे. त्याखालील दाखले बोलके आहेत. एखादा महत्त्वाचा साक्षीदार दरोडेखोर असल्याची माहिती वकिलाला त्याच्या अशिलाच्या बाजूने मिळाली असेल, तर तसे विचारण्यास आधार आहे. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही अशा साक्षीदाराला सहज म्हणून ‘तू दरोडेखोर आहेस का?’ असे विचारले, तर तो नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद टिकून आहे. शिवाय न्यायालयात प्रश्न नामंजूर करणारा न्यायाधीश वर बसलेला असतो. दूरचित्रवाणीवर वकील, न्यायाधीश आणि घड्याळ तिन्ही एकाच माणसाच्या हाती असतात.

तिखट परंतु न्याय्य प्रश्नाचा नमुना म्हणून १३ मे १९९७ रोजी बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमात जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांची घेतलेली मुलाखत सांगितली जाते. तुरुंगखात्याच्या प्रमुखाचा निर्णय फिरविण्याची धमकी तुम्ही दिली होती का, हा एकच प्रश्न पॅक्समन यांनी सुमारे बारा वेळा विचारला. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच होते, ते हॉवर्ड यांना ठाऊक होते, कृती त्यांची स्वतःची होती आणि ते समोर बसलेले होते. एवढ्या गोष्टी जुळल्यावर बाराव्या पुनरावृत्तीतही अन्याय नाही. पुढे पॅक्समन यांनी सांगितले, की कार्यक्रमातील पुढचा भाग तयार नव्हता म्हणून वेळ काढावा लागला. प्रश्न न्याय्य होता, पण तो लांबण्यामागे अर्धा हात तांत्रिक अडचणीचा होता, ही कबुली अभ्यासकाने विसरू नये.

भारतात २००७ च्या ऑक्टोबरात करण थापर यांनी गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना २००२ च्या दंगलींविषयी प्रश्न विचारले आणि अवघ्या काही मिनिटांत मोदी मुलाखत सोडून उठले. प्रश्न सत्तेवर असलेल्या, समोर बसलेल्या आणि नकार देण्यास समर्थ असलेल्या व्यक्तीला होते. त्यामुळे विचारण्यात अन्याय नव्हता. मात्र ती तीन-चार मिनिटांची चित्रफीत वाहिनीने पुढे वारंवार दाखविली आणि ‘उठून जाणे’ हेच उत्तर म्हणून प्रेक्षकांच्या मनात रुजले. प्रश्नाची सचोटी प्रश्न विचारून संपत नाही, ती संकलकाच्या टेबलापर्यंत आणि पुनःप्रक्षेपणाच्या वेळापत्रकापर्यंत जाते.

उत्तर न देणे म्हणजे चुकविणेच, असे मानण्याची घाई मुलाखतकाराला नेहमी होते. या घाईची पारख करण्यास पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या, तिसरी व चौथी २००५-०६ मध्ये. या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. केंद्राच्या अधिकाऱ्याला दूरचित्रवाणीवर प्रश्न विचारला आणि तो ‘याविषयी बोलता येणार नाही’ म्हणाला, तर त्या मौनाचे दोन अर्थ होऊ शकतात. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाच्या १८ व्या कलमाने अणुप्रकल्पांविषयीची काही माहिती उघड करण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनाला दिला होता. भट्टीच्या रचनेविषयी गप्प राहणारा अधिकारी त्या कायद्याने बांधलेला होता. अक्करपट्टीच्या पुनर्वसित घरांना पाणी कधी मिळणार, या प्रश्नावर गप्प राहणारा अधिकारी मात्र कोणत्याही कलमाने बांधलेला नव्हता. दोन्ही मौनांना एकाच आवाजात ‘तुम्ही लपवता आहात’ असे म्हणणारा मुलाखतकार पहिल्यावर अन्याय करतो, आणि अधिक वाईट म्हणजे दुसऱ्याला पहिल्याच्या आडोशाला उभे राहण्याची सोय करून देतो.

शेजारच्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत हाच दोष निराळ्या रूपात दिसतो. जानेवारी २०२० मध्ये एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटासारखी दुर्घटना घडली की ध्वनिक्षेपक आधी जातो तो रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांसमोर. ‘तुम्हाला कोण जबाबदार वाटते?’ हा प्रश्न ज्याला विचारला जातो त्याच्यापाशी परवान्याची प्रत नसते, तपासणीचा अहवाल नसतो. असते ते केवळ दुःख. ज्यांच्यापाशी कागद असतात त्यांना ‘चौकशी सुरू आहे’ एवढ्या उत्तरावर सोडले जाते. तारापूर परिसरातील खाड्यांच्या प्रदूषणाविषयी कागदांवर बोट ठेवणारे प्रश्न विचारले गेले ते कॅमेऱ्यासमोर नव्हे, मांगेला मच्छीमार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे केलेल्या अर्जात.

या जिल्ह्याच्या नावाने दूरचित्रवाणीवर सर्वांत मोठा गदारोळ झाला तो २०२० च्या एप्रिलमध्ये. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडील आदिवासी पट्ट्यात रात्री मुले पळविणारे, चोर, दरोडेखोर फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. अवघ्या काही दिवसांपूर्वी याच भागात मदतकार्यासाठी गेलेल्या एका डॉक्टरच्या गाडीवरही जमाव चालून गेला होता. १६ एप्रिलच्या रात्री दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगतच्या गडचिंचले येथे, गुरूच्या अंत्यविधीसाठी मुंबईहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने पोलिसांच्या उपस्थितीत ठार केले. तीन दिवसांनी ती चित्रफीत देशभर पसरली. वृद्ध साधू पोलिसाचा आधार शोधत असल्याचे दृश्य ज्याने पाहिले त्याला ते विसरणे शक्य नाही. त्या दृश्यामागून येणारा संताप खोटा नव्हता आणि त्या संतापातून निघालेला प्रश्न तिखट असणे साहजिक होते.

येथे एक बारीकशी गोष्ट नोंदविली पाहिजे. गडचिंचले हे पालघर शहरापासून बरेच दूर, वेगळ्या तालुक्यातले, वेगळ्या भूप्रदेशातले गाव. पण पडद्यावर ते ‘पालघर’ झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या जिल्ह्याचे हेच नाव असल्याने त्यात चूक नाही, तरीही या नामकरणाने डोंगरातला वारली पाडा, तेथली अफवा, तेथली भीती आणि कासा पोलीस ठाण्याची हद्द हे सारे तपशील पुसले गेले. ज्या गावाचे नावच उच्चारले जात नाही त्या गावातील माणसांना प्रश्न विचारण्याचा विचार तरी कसा सुचावा?

‘रिपब्लिक’ वाहिन्यांचे संपादक अर्णब गोस्वामी यांनी २१ एप्रिलच्या ‘पूछता है भारत’ या हिंदी कार्यक्रमात प्रश्न विचारला तो काँग्रेसच्या अध्यक्षा सोनिया गांधी यांना. साधूंऐवजी दुसऱ्या धर्माचे धर्मगुरू मारले गेले असते तर त्या गप्प राहिल्या असत्या का, असा त्याचा आशय होता. वर सांगितलेल्या कसोट्या येथे एकेक लावून पाहता येतात. प्रश्न जिला उद्देशून होता ती व्यक्ती समोर नव्हती. ज्या कृतीविषयी जाब विचारावयाचा, ती घटनास्थळावरील पोलिसांची आणि राज्याच्या गृहखात्याची. सत्तेतील आघाडीत त्या पक्षाचा वाटा असल्याने त्याच्या अध्यक्षांना राजकीय प्रश्न विचारण्यास जागा होती, हे मान्य केले तरी विचारलेला प्रश्न त्या जबाबदारीविषयी नव्हता. तो न घडलेल्या गोष्टीविषयी होता. ‘अमुक झाले असते तर तुम्ही काय केले असते’ याला कोणतेही उत्तर खरे ठरविता येत नाही आणि खोटेही. शिवाय हत्येमागे धार्मिक वैर होते हे गृहीत धरल्यावाचून तो प्रश्न उभाच राहत नाही, आणि नेमके हेच गृहीतक सिद्ध व्हावयाचे होते.

संस्कृत नाट्यशास्त्रात अशा बोलण्याला नाव आहे. रंगमंचावर नसलेल्या पात्राला उद्देशून बोलणे, त्याने काही उत्तर दिले असे समजून ‘काय म्हणतोस?’ म्हणत पुढे जाणे, हे ‘आकाशभाषित’. भाण या एकपात्री रूपकाची सारी इमारत यावर उभी असते. नट एकच, पण सारे नगर त्याच्याशी बोलत असल्याचा आभास. अनुपस्थित नेत्याला प्रश्न विचारणारा सूत्रसंचालक मुलाखत घेत नसतो, तो भाण सादर करीत असतो. भाणात प्रेक्षकाला ठाऊक असते की आकाशात कोणी नाही. येथे मात्र त्या व्यक्तीचे मौन हा पुरावा ठरतो.

कार्यक्रमाचे नावही विचारात घेण्याजोगे आहे. इर्व्हिंग गॉफमन यांनी बोलणाऱ्याच्या पवित्र्याचे विश्लेषण करताना दाखविले, की शब्द उच्चारणारा, शब्द रचणारा आणि त्या शब्दांची जबाबदारी घेणारा या तीन भूमिका एकाच माणसाच्या असतातच असे नाही. स्टीव्हन क्लेमन आणि जॉन हेरिटेज यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात हे सूत्र वृत्तमुलाखतीला लावले. मुलाखतकार ‘टीकाकार म्हणतात’, ‘लोक विचारतात’ असे म्हणून आरोप तिसऱ्याच्या तोंडी घालतो आणि स्वतः तटस्थ राहतो. हे तंत्र मुळात वाईट नाही. ‘अमुक अहवालात असे म्हटले आहे’ म्हणून विचारलेला प्रश्न अहवालाशी ताडून पाहता येतो. पण विचारणारा ‘भारत’च असेल तर ताडून कोणाशी पाहावयाचे? सव्वाशे कोटींहून अधिक माणसांच्या नावाने विचारलेल्या प्रश्नाची जबाबदारी घ्यावयास एकही माणूस उरत नाही.

या प्रश्नाला अखेर उत्तर मिळाले, पण ते दुसऱ्यानेच दिले. २२ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी सर्वांसाठी खुली केली. त्यात एकही मुस्लिम नाही, हे त्यांना दाखवावयाचे होते. हेतू तेढ थांबविण्याचा होता आणि त्या घटकेला तो काही प्रमाणात साधला असेलही. परंतु खटला सुरू होण्यापूर्वीच डोंगरातल्या शंभरावर माणसांची नावे देशापुढे टांगली गेली. त्यांपैकी अनेकांना ठाण्याच्या न्यायालयाने पुढे जामीन दिला. अटकसत्राच्या भीतीने पुरुष घरे सोडून गेल्याच्या बातम्या त्या दिवसांत येत होत्या. ज्यांना कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता त्यांचा उपयोग भलत्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून झाला. चुकीच्या प्रश्नाची किंमत प्रश्नकर्ता किंवा उद्दिष्ट व्यक्ती देत नाही, ती वाटेत सापडलेला तिसराच देतो, हे या यादीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

या कार्यक्रमाबद्दल अनेक राज्यांत गुन्हे नोंदविले गेले. २३ एप्रिलच्या पहाटे आपल्या मोटारीवर हल्ला झाल्याची तक्रार गोस्वामी यांनी केली. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२० रोजी, नागपूरहून मुंबईस वर्ग केलेला एक गुन्हा वगळता, त्याच कारणावरून नोंदविलेले इतर गुन्हे रद्द केले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्याची त्यांची मागणी मात्र फेटाळली. ३० जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धच्या कारवाईला अंतरिम स्थगिती दिली. टीकेचा रोख एका राजकीय नेत्यावर व पक्षावर होता, कोणत्या धर्मसमूहावर नव्हता, असे त्या न्यायालयाचे प्रथमदर्शनी मत पडले.

हे निर्णय योग्य दिशेचेच म्हणावे लागतील, आणि त्याचे कारणही पालघरच्याच इतिहासात आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर शहर बंद का, असा प्रश्न फेसबुकवर उपस्थित करणारी एक तरुणी आणि त्याला पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण यांना पालघर पोलिसांनी अटक केली होती. तिच्या एका नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली होती. त्या प्रसंगाने उठलेल्या वादातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाला आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. प्रश्नावर पोलीस सोडले की ते आधी कोणाच्या दारात जातात, हे या गावाने पाहिले आहे. म्हणूनच गुन्हा नाही एवढ्याने प्रश्न सचोटीचा ठरत नाही आणि सचोटीचा नाही एवढ्याने तो गुन्हा ठरू नये. या दोन विधानांमधली जागा व्यवसायाच्या नीतीने भरावयाची असते. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्याखालील कार्यक्रमसंहितेने अर्धसत्य दाखविण्यास मनाई केलेली आहे. तथापि गृहीतकाच्या रूपाने प्रश्नात दडलेले अर्धसत्य कोणत्या संहितेत बसवावे, हे तिला उमगलेले दिसत नाही.

त्या आठवड्यात विचारण्याजोगे तिखट प्रश्न थोडे नव्हते. अफवा दिवसेंदिवस पसरत असताना आणि आधी एक हल्ला होऊन गेल्यावर गावोगाव खुलासा का झाला नाही? टाळेबंदीत ही मोटार जिल्ह्याच्या टोकापर्यंत कशी पोहोचली? वनखात्याच्या नाक्यावर थांबविलेल्या माणसांना बाहेर काढताना पोलिसांपाशी किती मनुष्यबळ होते? मदत कधी मागितली आणि कधी आली? प्रत्येकाला उत्तर होते, प्रत्येकाला कागद होता आणि ज्याने द्यावयाचे तो गृहमंत्री किंवा पोलीस अधीक्षक कॅमेऱ्यापासून दूर नव्हता. कासा पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले, पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले, अनेक पोलिसांच्या बदल्या झाल्या. विभागीय चौकशीनंतर काहींना सेवेतून बडतर्फ करण्यात आले आणि काहींच्या वेतनावर कारवाई झाली. त्या रात्री पोलीस कोठे कमी पडले, याची ही जी काही उत्तरे मिळाली ती राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रातून मिळाली.